उसनें कवच

गेल्या विज्ञान-प्रदर्शनांत एका मेजावर तीन गोल मांडलेले होते. मधल्या निळ्या गोलाभोंवतीं तारेचीं वलयें बसविलेलीं असून त्याखालीं ‘पृथ्वी’ असें लिहिलें होतें. डावीकडचा तांबडा गोल मंगळाचा. उजवीकडचा पांढरट गोल शुक्राचा. पण त्याविषयीं फलकावर एक अक्षरही नव्हतें. फलकावर ठळक अक्षरांनीं लिहिलेलें वाक्य असें होतें: “पृथ्वीला चुंबकाचें कवच आहे म्हणून ती सजीव आहे, मंगळाला तें नाहीं म्हणून तो उजाड आहे.” आम्हीं तें वाचलें, मान डोलाविली आणि मेजापाशीं उभ्या असलेल्या मुलांस शाबासकी दिली. इतक्यांत आपल्या वडिलांबरोबर आलेल्या इयत्ता आठवीतील एका मुलीनें आम्हांस विचारलें, “गुरुजी, शुक्राला असें कवच आहे का?” आम्ही “नाहीं” म्हणालों. त्यावर ती म्हणाली, “मग त्याची हवा कशी टिकली?”

प्रश्न ऐकून आम्ही हसलों. “पुढें शिकशील,” एवढेंच आमच्या तोंडून निघालें. “गुरुजींचा वेळ घेऊं नकोस, मागें माणसें खोळंबलीं आहेत,” असें म्हणून वडिलांनीं तिला पुढें नेलें. आणि आम्हांस सुटल्यासारखें वाटलें, हें येथें कबूल करणें भाग आहे. प्रश्न अगदीं बिनतोड होता. शुक्राला पृथ्वीसारखें स्वतःचें चुंबकीय क्षेत्र नाहीं; तो सूर्याला पृथ्वीहून जवळ आहे; आणि तरीही त्याच्या पृष्ठभागावर हवेचा दाब पृथ्वीवरील दाबाच्या सुमारें ९२ पट आहे. फलकावरचें वाक्य खरें मानावें, तर शुक्र हा मंगळाहूनही उजाड असावयास पाहिजे होता.

त्या दिवशीं जें उत्तर आम्हीं दिलें नाहीं, तें देण्याचा हा प्रयत्न आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, ज्या ग्रहाला स्वतःचें चुंबकीय क्षेत्र नाहीं तो सूर्याच्या वाऱ्यापुढें अगदींच उघडा पडतो, ही समजूत चुकीची आहे. तो वाराच अशा ग्रहाभोंवतीं एक उसनें कवच उभें करितो. आणि दुसरें असें कीं, कवच, मग तें स्वतःचें असो कीं उसनें, हवा टिकण्याचें एकमेव कारण नव्हे. हें सारें बाजूस ठेवून एक सुटसुटीत वाक्य मुलांच्या हातीं देणें, ही आम्हां शिक्षकांची चूक आहे.

प्रथम सूर्याचा वारा म्हणजे काय तें पाहूं. सूर्याचें बाह्य तेजोवलय दहा लक्ष अंशांहून अधिक तापलेलें असतें. इतक्या उष्णतेंत अणूंचे तुकडे होतात, आणि ते विद्युद्भारित कण सूर्याचें आकर्षण झुगारून सर्व दिशांस सतत वाहत राहतात. हाच सौरवारा. पृथ्वीपाशीं त्याचा वेग सामान्यतः दर सेकंदास ४०० किलोमीटरच्या आसपास असतो. म्हणजे मुंबईहून नागपुरास पोहोंचण्यास त्यास पुरतीं दोन सेकंदेंही लागावयाचीं नाहींत. परंतु तो अतिशय विरळ असतो. साखरेच्या एका खड्याएवढ्या जागेंत त्याचे पांच-दहा कणच सांपडतात. सूर्यापासून निघालेला हा वारा सुमारें चार दिवसांत पृथ्वीपर्यंत येतो, आणि येतांना सूर्याच्या चुंबकीय क्षेत्राचे धागे आपल्याबरोबर ओढून आणितो. ही शेवटची गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. पुढील सारी कथा तिच्यावर उभी आहे.

या वाऱ्याचा शोध कसा लागला, हेंही सांगण्याजोगें आहे. धूमकेतूचें विद्युद्भारित कणांचें पुच्छ नेहमीं सूर्याच्या उलट दिशेस कां असतें, याचा विचार करितां करितां जर्मन शास्त्रज्ञ लुडविग बियरमान यांनीं १९५१ सालीं असें अनुमान काढिलें कीं, सूर्यापासून कणांचा प्रवाह सतत बाहेर पडत असला पाहिजे. १९५८ सालीं शिकागो विद्यापीठांतील तरुण शास्त्रज्ञ यूजीन पार्कर यांनीं त्याचें गणित मांडिलें. त्यांचा लेख छापूं नये, असा परीक्षकांचा अभिप्राय पडला. त्या वेळीं त्या नियतकालिकाचे संपादक आपले सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर हे होते. त्यांनाही ती कल्पना रुचली नव्हती; परंतु गणितांत चूक सांपडत नाहीं, तेव्हां लेख नाकारण्याचा आपणांस अधिकार नाहीं, असें ठरवून त्यांनीं तो छापिला. पुढें १९६२ सालीं ‘मरिनर २’ या अवकाशयानानें शुक्राकडे जातांना वाटेंत कित्येक महिने हा वारा प्रत्यक्ष मोजला, आणि पार्कर यांचें म्हणणें खरें ठरलें.

त्याच यानानें १४ डिसेंबर १९६२ रोजीं शुक्रापासून सुमारें ३५ हजार किलोमीटरांवरून जातांना आणखी एक गोष्ट पाहिली: शुक्राच्या चुंबकीय क्षेत्राचा कांहीं मागमूस लागला नाहीं. पुढें अधिक जवळून गेलेल्या यानांनींही तेंच सांगितलें. पृथ्वीच्या पोटांत वितळलेल्या लोखंडाचा जो प्रवाह फिरतो व ज्यापासून आपलें चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होतें, तसा डायनॅमो शुक्राच्या गाभ्यांत आज चालू नाहीं. तेव्हां सौरवारा थेट शुक्राच्या हवेवर जाऊन आदळत असेल, असें कोणालाही वाटलें असतें. पण १९६७ सालीं ‘मरिनर ५’ शुक्राजवळून गेलें तेव्हां वेगळेंच दृश्य दिसलें. होडीच्या नाळेपुढें पाणी उसळावें, त्याप्रमाणें शुक्राच्या पुढें सौरवाऱ्यांत एक धक्कातरंग उभा होता. वारा शुक्राला अडून त्याच्या दोन्ही अंगांनीं वळसा घालून जात होता. पुढें अमेरिकेचें ‘पायोनियर व्हीनस’ हें यान १९७८ पासून १९९२ पर्यंत शुक्राभोंवतीं फिरलें, आणि २००६ पासून २०१४ पर्यंत युरोपचें ‘व्हीनस एक्स्प्रेस’. या दोहोंनीं त्या अडथळ्याचें स्वरूप उघड केलें.

तें समजण्यासाठीं घरीं करण्याजोगा एक प्रयोग आम्ही मुलांस सुचवितों. हातभर लांबीची तांब्याची जाड नळी घ्यावी आणि ती उभी धरावी. प्रथम तींतून लोखंडाचा एक लहान तुकडा सोडावा. तो तत्काळ खालीं पडेल. नंतर तेवढ्याच आकाराचा निओडिमियमचा जोरदार चुंबक सोडावा. तो नळीच्या बाजूंस चिकटणार नाहीं, कारण तांब्यास चुंबक धरीत नाहीं. तरी तो कोणी हातांनीं झेलीत आणावा तसा हळूहळू खालीं उतरेल. याचें कारण मायकेल फॅरडे यांनीं १८३१ सालीं शोधिलें. वीज वाहून नेणाऱ्या वस्तूजवळ चुंबकीय क्षेत्र बदललें, तर त्या वस्तूंत विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. आणि लेन्झ यांनीं १८३४ सालीं दाखविल्याप्रमाणें, तो प्रवाह आपल्या कारणाचाच प्रतिकार करितो. तांब्यास स्वतःचें चुंबकत्व नाहीं. परंतु चुंबक जवळून जाऊं लागतांच तें क्षणभर चुंबकासारखें वागूं लागतें, आणि चुंबक निघून गेला कीं पुनः पहिल्यासारखें होतें.

शुक्राजवळ तांब्याच्या नळीचें काम त्याची वरची हवा करिते. सूर्याचे अतिनील किरण त्या हवेंतील अणुरेणूंपासून इलेक्ट्रॉन वेगळे करितात, आणि त्यामुळें ग्रहाच्या प्रकाशित बाजूवर वीज वाहूं शकेल असा एक थर तयार होतो. यास आयनांबर म्हणतात. सौरवारा सूर्याच्या चुंबकीय क्षेत्राचे धागे घेऊन या थरावर येतो. धागे आंत शिरूं पाहतात, तों आयनांबरांत विद्युत्प्रवाह सुरू होतात आणि ते त्या शिरकावास विरोध करितात. वारा स्थिर असता व त्याचें क्षेत्र कधींच बदललें नसतें, तर हे प्रवाह हळूहळू विरले असते आणि क्षेत्र आंत मुरलें असतें. पण वारा क्षणोक्षणीं नवा येत असतो व त्याच्या क्षेत्राची दिशाही वारंवार पालटते. म्हणून प्रवाह चालूच राहतात.

धाग्यांचें पुढें काय होतें, हें आपल्याकडील एका साध्या दृश्यावरून ध्यानांत येईल. पावसाळ्यांत नदीच्या पुलाजवळ उभें राहून पाहावें. पुरांत वाहून आलेल्या वेली व लांब गवत पुलाच्या खांबास अडकतें. खांबाच्या पुढच्या अंगास त्यांचा दाट थर सांचतो, आणि त्यांचीं टोकें दोन्ही बाजूंनीं मागें जाऊन प्रवाहांत लांबच लांब हेलकावत राहतात. कांहीं वेली सुटून वाहून जातात, तोंच नव्या येऊन अडकतात. खांबावर स्वतःचें गवताचें एक पातेंही उगवलेलें नसतें. तरी पाहणारास तो हिरवळीनें वेढलेला दिसतो. शुक्राभोंवतीं हेंच घडतें. सूर्याचे चुंबकीय धागे त्याच्या पुढच्या अंगास सांचून दाट होतात, दोन्ही बाजूंनीं लपेटले जातात आणि ग्रहामागें त्यांचें लांब पुच्छ तयार होतें. शास्त्रज्ञ यास प्रवर्तित चुंबकावरण म्हणतात. आम्ही त्यास उसनें कवच म्हणतों, कारण त्यांतील धागे सूर्याचे, त्यांस वाहून आणणारा वारा सूर्याचा, आणि विजेचा थर तयार करणारे किरणही सूर्याचेच. ग्रहाची स्वतःची अशी त्यांत केवळ हवा.

म्हणून ‘सौरवारा ग्रहाभोंवतीं चुंबकीय क्षेत्र निर्माण करितो’ असें म्हणतांना थोडें जपून बोलावें. शून्यांतून तेथें कांहीं उत्पन्न होत नाहीं. बाहेरून आलेलें विरळ क्षेत्र अडविलें जातें, दाट होतें, वाकविलें जातें; आणि या अडवणुकीचें काम आयनांबरांतील प्रवाह करितात. वारा थांबला तर हें कवच टिकणार नाहीं. पृथ्वीच्या कवचाचें तसें नाहीं. सौरवारा उद्यां बंद पडला तरी होकायंत्राची सुई उत्तरच दाखवील.

या कवचाचें बळ किती? चुंबकीय क्षेत्र मोजण्याचें नॅनोटेस्ला नांवाचें एक लहान माप आहे. पृथ्वीच्या पृष्ठभागावर ठिकठिकाणीं २५ हजारांपासून ६५ हजारांपर्यंत नॅनोटेस्ला क्षेत्र आढळतें. शुक्राजवळ पोहोंचलेल्या सौरवाऱ्यांत तें अवघें दहाच्या आसपास असतें, आणि शुक्राच्या पुढच्या अंगास दाटून कांहीं दशकांपर्यंत, क्वचित् शंभरापर्यंत जातें. इतकें दुबळें क्षेत्र वाऱ्यास अडवितें, कारण वाराही अत्यंत विरळ आहे. त्याचा दाब तोलण्यास एवढें पुरतें. मात्र पृथ्वीचें क्षेत्र वाऱ्यास ग्रहाच्या मध्यापासून सुमारें ६० हजार किलोमीटरांवर थोपवितें, तर शुक्राचें उसनें कवच त्याच्या पृष्ठभागापासून कांहीं शेंकडा किलोमीटरांवरच असतें. तें अंगाला घट्ट बसलेलें आहे.

त्याचें पुच्छ मात्र फार लांबवर जातें. १९९६ सालीं शुक्र पृथ्वी व सूर्य यांच्या मध्यें आला असतां ‘सोहो’ या यानास शुक्राच्या हवेंतून सुटलेले कण सांपडले. तें यान शुक्रापासून सुमारें साडेचार कोटि किलोमीटर दूर होतें.

हा प्रकार केवळ शुक्रापुरता नाहीं, आणि हें मत केवळ तर्कावर उभें नाहीं. धूमकेतूचें केंद्र म्हणजे बर्फ व धूळ यांचा कांहीं किलोमीटरांचा गोळा. त्यास चुंबकत्व कोठून असणार? तरी १९५७ सालीं स्वीडनचे हान्नेस आल्फवेन यांनीं असें मत मांडिलें कीं, धूमकेतूभोंवतींही सौरवाऱ्याचे धागे लपेटले जात असावेत व त्यांवरूनच त्याच्या पुच्छाचा आकार ठरत असावा. १९८५ सालीं एक यान एका धूमकेतूच्या पुच्छांतून आरपार गेलें आणि तेथें धागे तसेच लपेटलेले आढळले. १९८६ सालीं ‘जोत्तो’ हें युरोपीय यान हॅलेच्या धूमकेतूच्या अगदीं जवळून गेलें. तेव्हां केंद्रापासून सुमारें साडेचार हजार किलोमीटरांच्या आंत सूर्याचें क्षेत्र मुळींच शिरलें नव्हतें, असें दिसून आलें. त्याच्या आधींच तर मनुष्यानें स्वतःच हा प्रयोग करून पाहिला होता. डिसेंबर १९८४ मध्यें एका उपग्रहानें सौरवाऱ्यांत बेरियम धातूची वाफ सोडली. सूर्यप्रकाशानें ती विद्युद्भारित झाली आणि तो लहानसा ढग धूमकेतूसारखा वागला: ढगाच्या पोटांतून क्षेत्र बाहेर ढकललें गेलें व पुढच्या अंगास दाटलें. चिमूटभर वाफेस जें साधतें, तें शुक्रासारख्या ग्रहास साधावें यांत नवल तें काय?

आतां मंगळाकडे वळूं. त्याचें उदाहरण अधिक गुंतागुंतीचें आहे, आणि म्हणूनच तें एका वाक्यांत बसवूं नये. १९६५ सालीं ‘मरिनर ४’ यानास मंगळापाशीं पृथ्वीसारखें क्षेत्र सांपडलें नाहीं. परंतु १९९७ सालीं तेथें पोहोंचलेल्या ‘मार्स ग्लोबल सर्व्हेयर’ यानास मंगळाच्या कवचांतील खडक जागजागीं, विशेषतः दक्षिणेकडील उंच प्रदेशांत, चुंबकित झालेले आढळले. एके काळीं मंगळाच्या पोटांतही डायनॅमो चालू होता. तो सुमारें चारशे कोटि वर्षांपूर्वींच्या काळांत बंद पडला, आणि त्याची आठवण खडकांत राहिली. तेव्हां मंगळाजवळ दोन प्रकारचें कवच आहे: एक सौरवाऱ्याचें उसनें, आणि दुसरे वाडवडिलांच्या चिलखताचे उरलेले तुकडे. २०१४ च्या सप्टेंबरांत अमेरिकेचें ‘मावेन’ व आपलें मंगळयान अवघ्या कांहीं दिवसांच्या अंतरानें तेथें पोहोंचलीं. ‘मावेन’नें घेतलेल्या मापांवरून २०२० सालीं शास्त्रज्ञांनीं मंगळाभोंवतींच्या विद्युत्प्रवाहांचा नकाशाच काढला. ज्या प्रवाहांमुळें उसनें कवच उभें राहतें, ते अशा रीतीनें कागदावर उतरले.

याच ‘मावेन’नें हेंही दाखविलें कीं, मंगळाच्या हवेचा मोठा भाग अवकाशांत निघून गेला आहे. आज तेथील हवेचा दाब आपल्याकडील दाबाच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी आहे. म्हणजे प्रदर्शनांतील फलक अगदींच खोटा नव्हता. सूर्यामुळें मंगळाची हवा गेली, हें खरें. पण ‘चुंबक नव्हता म्हणून गेली’ हें त्यावरून निघत नाहीं. शुक्र या खटल्यांतील साक्षीदार आहे, आणि त्यास न विचारतां आम्हीं निकाल दिला होता.

हवेचा जमाखर्च हा घरच्या जमाखर्चासारखाच असतो. एकाच कलमावरून शिल्लक ठरत नाहीं. पहिलें मोठें कलम ग्रहाच्या आकर्षणाचें. पृथ्वीवरून निसटण्यास दर सेकंदास ११·२ किलोमीटर वेग लागतो, शुक्रावरून १०·४, आणि मंगळावरून केवळ ५. मंगळाच्या वरच्या हवेंत ऑक्सिजनचा विद्युद्भारित रेणु एका इलेक्ट्रॉनशीं मिळतांच त्याचे दोन अणु होऊन जोरानें दूर फेंकले जातात. त्यांचा वेग मंगळ सोडण्यास पुरतो, शुक्र सोडण्यास पुरत नाहीं. शिवाय या अणूंवर विद्युद्भार नसतो, म्हणून चुंबकीय क्षेत्र त्यांस अडवूंच शकत नाहीं. मंगळाभोंवतीं पृथ्वीएवढें क्षेत्र असतें, तरीही या वाटेनें सुटणारे अणु सुटलेच असते. दुसरें कलम ज्वालामुखींतून बाहेर पडणाऱ्या वायूंचें. तिसरें सूर्याच्या अतिनील किरणांचें. चौथें, कोणता वायु खडकांत किंवा समुद्रांत जिरतो याचें. चुंबकीय क्षेत्र हें या यादींतील एक कलम आहे, आणि त्याच्यापुढें जमा लिहावी कीं खर्च, याविषयींही शास्त्रज्ञांत अद्यापि वाद आहे.

तो वाद कशासाठीं, तेंही सांगितलें पाहिजे. पृथ्वीचें कवच पुष्कळ मोठें आहे, हें आम्हीं वर सांगितलें. मोठें शीड अधिक वारा धरितें. तसें मोठें कवचही सौरवाऱ्याची अधिक शक्ति पकडतें, आणि ती शक्ति ध्रुवांकडील हवेवर येऊन पडते. तेथून आपलीही हवा सतत थोडी थोडी गळत असते. २०१८ सालीं कांहीं युरोपीय संशोधकांनीं शुक्र, पृथ्वी व मंगळ यांची ही गळती ताडून पाहिली; तिन्ही ठिकाणीं ती आज साधारण एकाच पायरीची, दर सेकंदास किलोग्रॅमच्या आसपास, निघाली. स्वतःचें चुंबकीय क्षेत्र असलें म्हणजे हवा सुरक्षित राहते असें नाहीं, असा त्यांचा निष्कर्ष आहे. आमच्या बालवाचकांनीं यावरून घाबरूं नये. पृथ्वीची हवा इतकी आहे कीं, सेकंदास एक किलोग्रॅम या हिशेबानें ती संपण्यास पंधरा-सोळा हजार कोटि वर्षें लागतील; आणि पृथ्वीचें आजवरचें वय तर साडेचारशे कोटि वर्षांच्या आसपासच आहे.

मग पृथ्वीचें क्षेत्र निरुपयोगी आहे काय? तसें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. दूरच्या अवकाशांतून येणाऱ्या पुष्कळशा विद्युद्भारित कणांस तें दुसरीकडे वळवितें. सूर्यावर वादळें झालीं म्हणजे त्याचा धक्का प्रथम तें सोसतें. या धक्क्याची एक जुनी व मोलाची नोंद आपल्या मुंबईच्या कुलाबा वेधशाळेंत आहे. सप्टेंबर १८५९ मध्यें सूर्याचें जें प्रचंड वादळ पृथ्वीवर आदळलें, त्या वेळीं कुलाब्याच्या यंत्रांत चुंबकीय क्षेत्र एकाएकी खालीं आलेलें टिपलें गेलें. जगांतील संशोधक आजही त्या नोंदीचा आधार घेतात. पुढें मुंबईंत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहांनीं मापें बिघडणार, म्हणून १९०४ सालीं हें काम अलिबागेस हलविण्यांत आलें. तेव्हां पृथ्वीच्या क्षेत्राचें महत्त्व आम्ही जाणतों. पण महत्त्व असणें वेगळें आणि एकमेव कारण असणें वेगळें. सुमारें ७ लक्ष ८० हजार वर्षांपूर्वीं पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव उलटले, व त्या काळांत क्षेत्र फार क्षीण झालें होतें. तरी हवा उडून गेली नाहीं आणि जीवसृष्टि संपली नाहीं. जमिनीवर आपलें रक्षण करणारी खरी जाड भिंत म्हणजे आपल्या डोक्यावरची हवाच. तिचें वजन दहा मीटर खोल पाण्याइतकें आहे.

शुक्राची बाजूही आम्ही वाजवीपेक्षां उजळ करूं इच्छीत नाहीं. त्याची हवा टिकली. पाणी मात्र गेलें. त्याच्या हवेंत साध्या हायड्रोजनाच्या मानानें जड हायड्रोजनाचें प्रमाण पृथ्वीवरील प्रमाणाच्या शंभर पटींहून अधिक आढळतें. हलका हायड्रोजन निसटला व जड मागें राहिला, याची ती खूण आहे. उसनें कवच वाऱ्यास अडवितें, पण प्रत्येक कणास धरून ठेवीत नाहीं.

आतां आमच्यावर असा आक्षेप येईल कीं, आठवीच्या मुलांस एवढें सारें सांगून काय करावयाचें? त्यांस सोपें करूनच सांगितलें पाहिजे. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. आम्हीही वर्गांत नित्य सोपें करूनच सांगतों. पण सोपें करणें म्हणजे कमी सांगणें. चुकीचें सांगणें नव्हे. ‘चुंबकीय क्षेत्र असलें म्हणजे ग्रह वांचतो’ हें वाक्य सोपें आहे, पण मेजावरच्या तिसऱ्या गोलापाशींच तें मोडतें. ‘हवा टिकणें हें पुष्कळ गोष्टींवर अवलंबून असतें, आणि चुंबकीय क्षेत्र ही त्यांतील एक आहे’ हें वाक्यही तितकेंच सोपें आहे. शिवाय तें खरें आहे, आणि त्याच्यापुढें प्रश्न विचारण्यास जागा राहते. पहिलें वाक्य पाठ करणारें मूल परीक्षेंत गुण मिळवील. दुसरें ऐकणारें मूल विचारील, “त्या इतर गोष्टी कोणत्या?” शाळा आम्हीं त्या दुसऱ्या मुलासाठीं काढिली आहे.

पालकांस आमची एक विनंति आहे. आपला मुलगा किंवा मुलगी शिक्षकांस अडविणारा प्रश्न विचारील, तर त्यांत शिक्षकांचा अपमान झाला असें समजून त्यास गप्प करूं नये. मागें माणसें खोळंबलीं असलीं तरी चालेल. चंद्रशेखर यांनीं न पटलेला लेखही छापिला, कारण त्यांत चूक दाखवितां येत नव्हती. आम्हां शिक्षकांनीं न सुचलेल्या उत्तराचा प्रश्न निदान ऐकून तरी घ्यावा. ज्या प्रश्नाचें उत्तर येत नाहीं, त्यास “उद्यां पाहून सांगतों” असें म्हणण्यास आम्हांस लाज वाटूं नये. आणि ती सवय आम्हांस लागावी म्हणून पालकांनींही आमच्याकडून तें उत्तर मागून घ्यावें.

विद्यार्थ्यांस सांगावयाचें तें एवढेंच. सायंकाळीं पश्चिमेस किंवा पहाटे पूर्वेस शुक्राची चांदणी दिसेल, तेव्हां क्षणभर थांबून तिच्याकडे पाहा. तिच्यापाशीं स्वतःचें चुंबकीय क्षेत्र नाहीं. तरी तिच्यावर चालून येणाऱ्या वाऱ्याच्याच धाग्यांचें आवरण तिच्याभोंवतीं याच घटकेस गुंफलें जात आहे व मागें सुटून जात आहे. डोळ्यांस तें दिसावयाचें नाहीं. तांब्याच्या नळींतून हळूहळू उतरणारा चुंबक मात्र घरीं दिसेल, आणि ज्यास तो समजला त्यास शुक्रही समजेल.

येत्या प्रदर्शनांत तेच तीन गोल पुनः मांडावयाचे आम्हीं ठरविलें आहे. फलक मात्र नवा असेल, आणि शुक्राच्या गोलाखालीं त्याचें नांव व त्याची हकीकत लिहिलेली असेल. गर्दींत त्या मुलीचें नांव विचारण्याचें आमच्याकडून राहून गेलें. तिनें हा लेख वाचला तर त्या मेजापाशीं जरूर यावें. तेथें शुक्राविषयीं आलेल्या लोकांस माहिती सांगण्याचें काम आम्हीं तिच्यासाठीं राखून ठेविलें आहे.